दोघांची करवत

“उशीर म्हणजे किती? मोघम बोलू नकोस. माप सांग.”

“अर्धी मात्रा.”

“अर्धी!” मिस्त्रींनी रंधा बाकावर आदळला. “अर्ध्या मात्रेपायी चाळीस वर्षांचा माणूस बदलायचा? उद्या म्हणशील, तुझ्या मावशीचा एक दात पडलाय, तीही बदला!”

“मावशीचा दात कुणाला ऐकू येत नाही, बाबा. टपालकाकांचा डफ येतो.”

“कुणाच्या कानात आला?”

“रेडिओच्या बाईंच्या. मी पाठवलेलं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं त्यांनी. म्हणाल्या, तुझ्या वडिलांचा आवाज ऐकून अंगावर काटा आला, पण प्रत्येक ओळीच्या शेवटी गाणं अडखळतं. डफ मागे राहतो.”

“राहू दे की! डफाची जागा मागेच असते. पुढे आला तर त्याला नगारा म्हणतात.”

लेकीच्या ओठांवर हसू आलं होतं, ते तिनं दातांखाली दाबलं. या घरात भांडताना जो आधी हसला तो हरला, हा नियम तिला पाळण्यात असल्यापासून माहीत होता. शिवाय तिची नजर रंध्यावर गेली होती. रंधा कायम कुशीवर ठेवायचा, पात्याला बाक लागू द्यायचा नाही, हे त्यांनीच तिला सहाव्या वर्षी शिकवलेलं. आणि आज तो पात्यावर उभा होता. म्हणजे बाबा चिडलेले नव्हते. घाबरलेले होते.

तिनं आवाज खाली आणला. “पंधरा दिवसांनी ऑपरेशन आहे. डॉक्टर काय म्हणाले ते मी पुन्हा सांगू, की तुम्ही सांगता?”

मिस्त्रींनी गळ्याभोवतीचा रुमाल सारखा केला. स्वरतंतूवर गाठ होती. साधी होती, काढून टाकली की झालं, पण डॉक्टरांनी हात राखून सांगितलं होतं: बोलणं राहील, गाण्याची खात्री मी देत नाही.

“एकतीस गाणी आहेत,” लेक म्हणाली. “कुठे लिहिलेली नाहीत, कुठे छापलेली नाहीत. तुमच्या गळ्यात आहेत, आणि गळा पंधरा दिवसांनी टेबलावर जाणार. त्याच्या आधी स्टुडिओ एकच दिवस मोकळा आहे. गुरुवारी, अकरा ते एक. मी एवढंच म्हणते, गुरुवारपुरतं. शाळेत ताल शिकवणाऱ्या बाई यायला तयार आहेत. काकांना मी सांगते.”

“काय सांगशील?”

तिनं बाकावरचा भुसा बोटानं एका जागी गोळा केला.

त्या गल्लीत कुणालाही विचारा, मिस्त्रींचं खरं नाव कुणी सांगणार नाही. कधी काळी ते कागदावर असेल. गल्लीच्या टोकाला खाली लाकडाचं वर्कशॉप, वर दोन खोल्या. खालचा भुसा वर जाऊ नये म्हणून जिन्याच्या दाराला पट्टी लावलेली आणि तरीही पांघरुणात भुसा. लेक चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. दिवसभर तिच्या हाताखाली पाव नंबर, अर्धा नंबर. अर्ध्या नंबरानं माणसाला समोरची पाटी दिसते किंवा दिसत नाही, हे ती रोज बघते. त्यामुळे अर्धी मात्रा तिच्यासाठी थोडीथोडकी नव्हे. आणि बापाचा हिशोब असा की दार चौकटीत बसवताना केसाइतकी फट मुद्दाम सोडायची असते. “लाकूड श्वास घेतं. नाही घेऊ दिला तर पावसात दार अडकतं, मग शिव्या मिस्त्रीला.” एकाच रक्ताची दोन माणसं, दोघंही मापाची पक्की, पण एकीचं माप फट बुजवायचं आणि एकाचं फट राखायचं.

मिस्त्रींची गाणी करवतीची. त्यांचे वडील आणि चुलते लाकडाच्या वखारीत ओंडके फाडायचे. दोन मुठींची लांब करवत, या टोकाला एक, त्या टोकाला एक. दिवसभर. हात चालावेत म्हणून तोंड चालायचं, त्यातून ही गाणी झाली. कुणी केली, ठाऊक नाही. एकानं ओळ उचलायची, दुसऱ्यानं ती खाली ठेवायची.

*तू ओढ, मी सोडतो रे,*
*मी ओढीन, तू सोड.*

नऊ वर्षांच्या मिस्त्रींना चुलत्यांनी पहिल्यांदा करवतीची मूठ धरायला दिली तेव्हा त्यांनी जोर लावून ती पुढे ढकलली. पातं मधोमध वाकलं आणि चुलत्यांनी टपली मारली. “गाढवा, ढकलायचं नसतं! आपण फक्त ओढायचं. समोरचा ओढतो तेव्हा हात सैल सोडायचा. तो दमला असेल तर थांबायचं. घाई केलीस की करवत मरते.” मिस्त्री म्हणतात, आयुष्यात शाळा एवढीच झाली.

खरी शाळाही होती म्हणा. तिथे बाकावर ठेका धरला म्हणून मास्तर त्यांना वर्गाच्या दाराबाहेर उभं करायचे. पुढे तीस वर्षांनी ती शाळा पाडायला काढली, आणि दारं-खिडक्या उतरवायचं काम आलं मिस्त्रींकडेच. त्यांनी ते दार ओळखलं. खालच्या कडेला त्यांच्याच नखांच्या रेघा होत्या. दार घरी आणलं, दोन वर्षं तसंच उभं ठेवलं आणि मग त्यातून चार तारांचं वाद्य कोरलं. त्याला नाव नाही, सगळे त्याला “फळी” म्हणतात. वाजवून झालं की मिस्त्री तिला थोपटतात आणि म्हणतात, “मला बाहेर उभं करत होतीस ना? आता बस माझ्या मांडीवर.”

वखारीत यंत्र आलं तशी गाणी गेली. यंत्राला सोबत लागत नाही. चुलते गेले, वडील गेले, आणि करवतीचं एक टोक मिस्त्रींच्या हातात राहिलं.

दुसरं टोक धरणारा भेटला तो पोस्टमन होता.

हा किस्सा लेकीनं शंभरदा ऐकलाय आणि दर वेळी त्यात एखादं कुत्रं किंवा एखादी म्हातारी वाढलेली असते, पण मूळ असं. मिस्त्री रंधा मारत गुणगुणत होते. दारात पोस्टमन आला, हातात कार्ड. तो आधी वीस वर्षं पोस्टात आत बसून शिक्के मारायचा. शाई, पत्र, शाई, पत्र. त्याचा हात रंध्याच्या आवाजावर आपोआप पिशवीवर पडू लागला. एक गाणं झालं, दुसरं झालं. कार्ड हातातच. त्या दिवशी अर्ध्या गल्लीची पत्रं दुसऱ्या दिवशी पोचली. तेव्हापासून त्याचं नाव टपाल. लेकीचे टपालकाका.

तिसरी मावशी, लेकीच्या आईची धाकटी बहीण. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात तीनशे माणसांचं जेवण करते, त्यामुळे तिला घरात हळू आवाजात बोलता येत नाही आणि चार माणसांपुरतं मीठ घालता येत नाही. लेकीची आई गेली त्या वर्षी मावशी दर रविवारी येऊ लागली. आधी बहिणीच्या घराकडे लक्ष द्यायला, मग गायला.

रविवारी सकाळी नऊला वर्कशॉपमध्ये, लाकूड चिकटवायचा सरस वितळवायच्या शेगडीवर पातेलं चढतं. सरसाचं भांडं उतरवायचं, शेगडी पुसायची आणि मसूर, कांदा, गाजर, लसूण, आठवडाभरात जे उरलं असेल ते. कांदा टपालकाका चिरणार. मीठ मावशी घालणार. मिस्त्री फक्त ढवळणार आणि मिठावरून बोलणार. शेगडीच्या दुसऱ्या अंगाला टपालकाकांचा डफ तापत उभा. गार कातडं ढिलं पडतं, ऊब लागली की ताणतं आणि बोलू लागतं. आणि तो डफ तापवायचं काम टपालकाकांचं नव्हे, मिस्त्रींचं. कधीपासून, कुणी ठरवलं, कुणाला आठवत नाही. ढवळता ढवळता ते डफ फिरवत राहतात, भाकरी परतावी तसा.

मग अर्धं जेवायचं. अर्धंच. “उपाशी पोटी सूर लागत नाही आणि भरल्या पोटी लय. अर्ध्या पोटानं गावं,” हे मिस्त्रींचं शास्त्र. उरलेलं अर्धं गाऊन झाल्यावर. लेकीची एक मैत्रीण एकदा आली, अर्ध्यातच ताट उचललं म्हणून रुसली. गाऊन झाल्यावर उरलेलं पुढ्यात आलं तेव्हा तिनं तीनदा वाढून घेतलं. मिस्त्री म्हणाले, “बघ, आता चव कुणी वाढवली? मीठ तर तेच होतं.”

“मीठ तेच नव्हतं,” मावशी म्हणाली. “मी मधे टाकलं.”

गेल्या वर्षी टपालकाकांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तीन महिने अंथरुणात, मग काठी, मग काठी सुटली. हात आला परत, पण शिक्क्याचा हात तो नव्हे. दुखणं झाल्यावरच्या पहिल्या रविवारी ते कांदा चिरायला बसले आणि एका कांद्याला पाऊण तास लागला. कुणी सुरी मागितली नाही. पातेलं पाऊण तास उशिरा चढलं. लेकीला तेव्हा हे तिघं किती थोर वाटले होते!

आणि आज तीच लेक अर्धी मात्रा मोजत होती. स्वतःचीच तिला चीड आली. पण ऑपरेशनची तारीख काही चिडून पुढे जात नाही.

“उद्या बोलाव तुझ्या बाईंना,” मिस्त्री एकदम म्हणाले. त्यांनी रंधा उचलून कुशीवर निजवला. “ऐकू तरी. उद्या टपालला नको म्हणून सांग. सांग मला बरं नाही.”

“खोटं सांगू?”

“मग खरं सांगतेस?”

तिनं खोटंच सांगितलं. फोनवर टपालकाका म्हणाले, “बरं नाही? बरं बरं. झोप म्हणावं.” आणि थोडं थांबून, “कांदे आणून ठेवलेत मी. असू दे.”

रविवारी नऊला तालाच्या बाई आल्या. नाकावर लेकीनंच बसवलेला चष्मा, खांद्याला डफ, आणि वागणं इतकं नम्र की मावशीला राग धरायला जागाच सापडेना. “बसा हो,” ती म्हणाली. “कांदा चिरता येतो?”

“मावशी!”

“विचारलं फक्त.”

कांदा मावशीनं चिरला. हॉस्पिटलच्या सवयीनं दोन मिनिटांत ढीग. मिस्त्री म्हणाले, “जाड झालाय.” कांदा जाड नव्हता.

अर्धं जेवण झालं. मिस्त्रींनी फळी मांडीवर घेतली आणि तारा जुळवल्या. बाईंचा डफ सुरू झाला आणि लेक पुढे सरकून बसली. काय स्वच्छ हात! प्रत्येक ठोका जिथल्या तिथे, काच चौकटीत टक्कन बसावी तसा. हेच, हेच तर रेडिओच्या बाईंना हवं होतं.

*तू ओढ, मी सोडतो रे...*

पहिली ओळ झाली. बाईंचा ठोका पडला, दुसरी ओळ सुरू व्हायची, आणि मिस्त्री आलेच नाहीत. त्यांचं तोंड उघडं होतं, श्वास भरलेला होता, पण ओळ बाहेर येईना. आली ती डफ पुढे निघून गेल्यावर. मावशीही त्यांच्यासारखीच मागे राहिली.

“पुन्हा,” मिस्त्री म्हणाले.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा मिस्त्रींनी घाईनं ओळ उचलली, तर ती वेळेआधीच पडली आणि मावशीनं “अगं आई गं” म्हणून कपाळाला हात लावला. साठ वर्षं गायलेलं गाणं, आणि मिस्त्री पहिल्या दिवसाच्या पोरासारखे चुकत होते.

बाईंनी डफ खाली ठेवला. “एक विचारू? तुम्ही दोघंही प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबता. अगदी एकाच जागी, एकाच वेळी. कुणाची वाट बघता तिथे?”



मावशीनं मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्रींनी फळीकडे. लेकीनं खाली बघितलं, तर तिचं बोट बाकाच्या कडेवर उचललेलं, अधांतरी. ती गातही नव्हती, वाजवतही नव्हती, नुसती ठेका धरून बसली होती. आणि तीही थांबली होती.

वर्षभर! वर्षभर दर रविवारी ती, बाबा आणि मावशी, तिघं एका माणसासाठी थांबत आले होते आणि कुणाला ते कळलंही नव्हतं. ठरलं नव्हतं, बोलणं झालं नव्हतं. काकांचा हात यायला लागायचा तेवढा वेळ गाणं दारात उभं राहायचं, आणि तो आला की सगळे मिळून आत जायचे. डफ मागे राहत नव्हता. सगळं गाणंच मागे सरकून त्याच्या शेजारी उभं होतं. रेडिओच्या बाईंना ते कळणं शक्य नव्हतं. चष्म्याच्या काचा बसवणाऱ्या लेकीलाही कळलं नव्हतं, आणि तिच्यासमोर तर दर रविवारी घडत होतं.

“हरकत नाही,” बाई म्हणाल्या. “मीही थांबते तिथे. किती थांबायचं तेवढं सांगा.”

“किती म्हणजे...” मिस्त्रींनी हवेत हात वर नेला. “तो असा हात उचलतो. मग जरा बघतो हाताकडे, येतोय का म्हणून. मग मान हलवतो. मग पडतो हात.”

“म्हणजे किती मात्रा?”

“रोज सारखं नसतं हो. थंडीत जास्त.”

“कालच्या रविवारपेक्षा गेल्या रविवारी कमी होतं,” मावशी म्हणाली. ती काय बोलली ते तिचं तिलाच कळलं नसावं, पण कुणी दुरुस्त केलं नाही.

“बाई छान वाजवतात,” दारातून आवाज आला.

टपालकाका उभे होते. डोक्यावर टोपी, डाव्या हातात पिशवी. केव्हापासून उभे होते कोण जाणे.

लेक उठली. “काका, मी तुम्हाला...”

“हो, तू फोन केलास. मिस्त्रीला बरं नाही म्हणालीस. मग बघायला नको यायला?” ते आत आले. टोपी काढून त्यांच्या खिळ्याला अडकवली, पिशवी बाकावर ठेवली. त्यातून दोन कांदे गडगडत बाहेर आले. “बरा दिसतोस की. गातोयस काय घाणेरडं, पण बरा दिसतोस.”

“टपाल, ऐक...”

“ऐकलं. दाराबाहेर उभं राहून सगळं ऐकलं. तुझ्या शाळेसारखं.” ते हसले, पण त्यांच्या चेहऱ्याची उजवी बाजू हसण्यातही जरा मागे राहिली. “तुला काय वाटतं, मला माहीत नव्हतं? हात माझा आहे. उशिरा पडतो ते सगळ्यात आधी मलाच कळतं. पहिल्या रविवारी मनात म्हटलं, आज गाणं माझ्यावरून निघून जाऊ दे. निघून गेलं की मी उठेन, डफ खिळ्याला लावेन, सुटलो. पण तुम्ही गेलाच नाहीत पुढे. उभे राहिलात. मग मला उठता येईना.”

“कुणी उभं राहिलं नव्हतं,” मिस्त्री चिडून म्हणाले. “असंच झालं ते.”

“तेच तर म्हणतोय.”

मावशीनं पदर तोंडाला लावला. मग पातेल्यात मीठ टाकलं. मिठाची वेळ नव्हती.

“आता माझं ऐका,” टपालकाका म्हणाले. “गुरुवारी बाईंना न्या. चार दिवस रोज बसा, जमेल. पोरीचं बरोबर आहे. एकतीस गाणी माझ्या एका हातासाठी बुडवायची नाहीत. तुझ्या चुलत्याची आहेत ती, तुझी पण नाहीत. आणि मला गुरुवारी फिजिओथेरपीला जायचंय.”

“मंगळवारी असते तुझी.”

“बदलून घेईन.” त्यांनी बाईंना मान लववून नमस्कार केला. लेकीच्या डोक्यावरून डावा हात फिरवला. मग वळले आणि गेले, दाराबाहेरच्या पायऱ्यांवर उजवा पाय जपून टाकत. टोपी खिळ्यावरच राहिली.

बाई हळूच म्हणाल्या, “मी बाहेर थांबू का?”

“बसा हो तुम्ही,” मावशी म्हणाली. “अर्धं राहिलंय अजून जेवण.”

इतक्यात लेकीचा फोन वाजला. रेडिओच्या बाई होत्या. रविवारी त्रास देतेय, पण गुरुवारच्या कलाकारांची नावं आज कळवायची होती. दोन आहेत त्यांच्याकडे, डफावर कोण ते सांगा.

“एक मिनिट हं,” लेक म्हणाली आणि फोन छातीशी धरला.

गुरुवार, अकरा ते एक. एकतीस गाणी. बाईंचा हात काच बसावी तसा बसतो, हे तिनं तासापूर्वी कानांनी ऐकलं होतं. चार दिवसांत बाबा सरळ गायला लागतीलही. तेवढे पक्के आहेत ते. आणि रेडिओवर ते गाणं कुठेही न अडखळता वाजेल, आणि तिला दर वेळी ऐकू येईल की तिथे कुणी थांबलं नाही.

“बाबा,” तिनं विचारलं, “कुणाचं नाव सांगू?”

मिस्त्री शेगडीपाशी वाकले होते. शेगडीच्या दुसऱ्या अंगाला, नेहमीच्या जागी, टपालकाकांचा डफ तापत उभा होता. काका येणार नव्हते, बाईंनी स्वतःचा डफ आणलेला होता, तरी सकाळी कुणीतरी तो खिळ्यावरून काढून तिथे लावला होता आणि ढवळता ढवळता फिरवत राहिलं होतं. मिस्त्रींनी कातड्यावर चार बोटं ठेवून ऊब बघितली. मग डफ पोटाशी धरला, गरम भांडं धरावं तसा. दुसऱ्या हातानं खिळ्यावरची टोपी काढली.

“बाबा, त्या थांबल्यात फोनवर. कुणाचं नाव?”

“टपाल, थांब!” अशी हाक मारत मिस्त्री दाराबाहेर पडले.